मेंदूतल्या अवघड ॲन्युरिझमवर फ्लो डायव्हर्टर : निवड, गोळ्या, मोजमाप आणि पुढचे वर्ष

मेंदूच्या धमनीची भिंत एका जागी कमकुवत होऊन बाहेर फुगते, तो ॲन्युरिझम. शंभर प्रौढांत साधारण तिघांना तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. मान (फुगा धमनीला जोडलेला असतो ते तोंड) बारीक आणि पोट (फुगलेली पोकळी) गोल असलेला छोटा ॲन्युरिझम कॉइलिंगने छान भरता येतो : जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची आणि प्लॅटिनमच्या तारांची वेटोळी पोकळीत सोडायची. वेगळ्या करता येणाऱ्या या कॉइल १९९० पासून रुग्णांवर वापरल्या जात आहेत.

अडचण येते ती पुढच्या प्रकारांत. मान ४ मि.मी. किंवा त्याहून रुंद, पोट मानेच्या दुप्पटही नाही, आकार २५ मि.मी.च्या पुढे, किंवा मान अशी नाहीच आणि धमनीचा अख्खा तुकडाच चहूबाजूंनी फुगलेला. अशा जागी कॉइल मुख्य धमनीत घसरतात. बसल्या तरी रक्ताच्या रेट्याने दाबल्या जातात आणि काही महिन्यांत पोकळी पुन्हा उघडी पडते.

यावर दोन प्रकारच्या जाळ्या आहेत आणि रुग्णाचे नातेवाईक त्यांना सरसकट ‘स्टेंट’ म्हणतात, तिथे घोटाळा होतो. न्यूरोफॉर्म किंवा एंटरप्राइजसारख्या साध्या स्टेंटचे काम आडकाठीचे, म्हणजे कॉइल मानेतून बाहेर येऊ नयेत एवढेच. त्यांच्या धातूने भिंतीचा जेमतेम ६ ते १० टक्के भाग झाकला जातो, म्हणून कॉइल भरावेच लागतात. फ्लो डायव्हर्टरचा विचारच निराळा आहे. सर्वांत जास्त अभ्यास झालेले पाइपलाइन हे उपकरण कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनम-टंगस्टनच्या ४८ तारांनी विणलेले असते आणि योग्य मापाला उघडले की भिंतीचा ३० ते ३५ टक्के भाग झाकते. मानेवर दाट वीण आल्याने आत शिरणाऱ्या रक्ताचा जोर मोडतो, रक्त आत रेंगाळते, गोठते आणि पुढच्या महिन्यांत जाळीवर पेशींचे अस्तर चढून धमनीला नवी भिंत मिळते. बाजूला फुटणाऱ्या फांद्या मात्र सहसा वाहत्या राहतात, कारण त्यांच्या टोकाला रक्त ओढून घेणारा मेंदूचा भाग असतो. पोकळीला तशी ओढ नसते.

याचा व्यवहारातला अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. कॅथलॅबमधून, म्हणजे ही प्रक्रिया करतात त्या खोलीतून, रुग्ण बाहेर येतो तेव्हा ॲन्युरिझम बहुधा उघडाच असतो. तो बंद होतो घरी, काही महिन्यांत. तोवर धमनीत उघडा धातू आहे, त्यावर गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या आहेत आणि त्याच गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका आहे. या उपचारातले जवळपास सगळे निर्णय या तिढ्यातून येतात.

कोणासाठी, कोणासाठी नाही

पाइपलाइनला अमेरिकेच्या एफडीएची (औषधे-उपकरणे तपासणारी सरकारी यंत्रणा) मान्यता एप्रिल २०११ मध्ये मिळाली, तीही फक्त अंतर्गत कॅरोटिड (गळ्यातून मेंदूकडे जाणारी मोठी) धमनीच्या ठरावीक भागातल्या मोठ्या, रुंद मानेच्या ॲन्युरिझमसाठी. तिचा आधार होता पफ्स ही १०८ रुग्णांची चाचणी. सहा महिन्यांनी पोकळी पूर्ण बंद, धमनीत ५० टक्क्यांहून जास्त अरुंदी नाही, ही कसोटी ७३.६ टक्के ॲन्युरिझमनी पार केली. मोठा पक्षाघात किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू ५.६ टक्क्यांत झाला. पाच वर्षांनी ज्यांची तपासणी झाली त्यांच्यात बंद झालेल्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले होते. २०१९ मध्ये, प्रीमियर या चाचणीनंतर, १२ मि.मी.पर्यंतच्या ॲन्युरिझमसाठीही मान्यता मिळाली. तिथे वर्षाअखेर ७६.७ टक्के बंद झाले आणि गंभीर दुष्परिणाम २.१ टक्क्यांत दिसले.

हे आकडे डॉक्टरांशी बोलताना दोन्ही बाजूंनी वापरावेत. २० मि.मी.चा, डोळ्यामागे दुखणारा, दुहेरी दिसायला लावणारा, कॅरोटिडच्या कॅव्हर्नस (डोळ्यामागे कवटीच्या तळाशी असलेल्या) भागातला ॲन्युरिझम असेल तर फ्लो डायव्हर्टरला आज तोड नाही. ३ मि.मी.चा, योगायोगाने सापडलेला, घरात कोणाला फुटल्याचा इतिहास नसलेला असेल तर मात्र फक्त पाठपुरावा, रक्तदाबावर ताबा आणि सिगारेट-विडी बंद हाच बहुतेकदा शहाणा सल्ला असतो. दर वर्षी फुटण्याचा धोका उपचाराच्या धोक्याच्या तुलनेत मांडून दाखवा, असे डॉक्टरांना थेट सांगावे.

फ्लो डायव्हर्टर जिथे फसतो त्या जागा ठरलेल्या आहेत. फांदी थेट पोकळीतूनच निघत असेल तर रक्ताची ओढ कायम राहते आणि पोकळी बंद होत नाही. मेंदूच्या मागच्या भागाचा सगळा पुरवठा ज्या मोठ्या पोस्टिरियर कम्युनिकेटिंग धमनीवर आहे, तिच्या तोंडाशी असलेला ॲन्युरिझम याचे नेहमीचे उदाहरण. मेंदूच्या मागच्या भागातल्या बॅसिलर धमनीत मेंदूच्या देठाला जाणाऱ्या केसासारख्या बारीक फांद्या असतात, त्या जाळीखाली बंद पडल्या तर नुकसान भरून येत नाही. आधी साधा स्टेंट बसलेला असेल तर नवी जाळी भिंतीला चिकटत नाही. धमनी दुभंगते त्या जागेवरच्या रुंद मानेच्या ॲन्युरिझमसाठी पोकळीतच बसणारा वेब हा वेगळा पर्याय आहे. तो धमनीत उरत नाही, त्यामुळे गोळ्यांचे ओझे कमी.

फुटलेला ॲन्युरिझम हा तर निराळाच प्रसंग. डोक्यात ताजा रक्तस्राव, पाणी काढण्यासाठी मेंदूत नळी घालावी लागण्याची शक्यता आणि वर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे गणित वाईट आहे. पातळ भिंतीचा, फोडासारखा ब्लिस्टर ॲन्युरिझम हा मोठा अपवाद, कारण तिथे कॉइलला धरायला पोकळीच नसते. तेव्हा मेंदूतली नळी आधी घालतात, गोळ्या नंतर.

आधीचे दहा दिवस : गोळ्या

नियोजित उपचारात ॲस्पिरिन ७५ ते १५० मि.ग्रॅ. आणि क्लोपिडोग्रेल ७५ मि.ग्रॅ. रोज, किमान ५ ते ७ दिवस आधीपासून देतात. वेळ नसेल तर आदल्या दिवशी क्लोपिडोग्रेलचा ३०० ते ६०० मि.ग्रॅ.चा एकदम डोस. हे डोस स्वतःच्या मनाने घ्यायचे नाहीत, पण आपल्याला काय दिले आहे आणि का, ते माहीत असावे.

क्लोपिडोग्रेल गोळीच्या रूपात निष्क्रिय असते, यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे ती कामाला लागते. हे एन्झाइम जन्मतःच मंद असलेले लोक भारतात पुष्कळ आहेत. त्यांनी गोळी नेमाने घेतली तरी प्लेटलेटवर परिणाम कमी होतो आणि जाळीत गुठळी होते. म्हणून प्रक्रियेपूर्वी प्लेटलेट फंक्शन टेस्ट करून घ्यावी. व्हेरिफायनाऊ यंत्रावरचा पीआरयू आकडा (गोळी घेऊनही प्लेटलेट किती सक्रिय आहेत ते सांगणारा) ६० ते २४० च्या दरम्यान असावा असा एक प्रचलित निकष आहे, काही केंद्रे वरची मर्यादा २०० धरतात. आकडा वर असेल तर गुठळीचा धोका, ६० च्या खाली असेल तर रक्तस्रावाचा. सगळेच तज्ज्ञ ही चाचणी आवश्यक मानत नाहीत, पण आमच्या मते लाखोंची जाळी बसवताना ही तपासणी वाचवण्यात शहाणपण नाही.

गोळी लागू पडत नसेल तर टिकाग्रेलॉर ९० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, त्यासोबत ॲस्पिरिन १०० मि.ग्रॅ.च्या आत. काहींना टिकाग्रेलॉरने धाप लागल्यासारखे वाटते. ते घाबरून परस्पर बंद न करता कळवायचे. प्रासुग्रेल हा आणखी एक पर्याय, मात्र आधी पक्षाघात झालेल्यांना तो देत नाहीत.

इथे घराजवळच्या मेडिकलमधून आणलेली ॲसिडिटीची गोळी घात करते. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवतात, म्हणजे क्लोपिडोग्रेल घेऊन न घेतल्यासारखे. गरज असेल तर पँटोप्राझोल. अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही नको, पॅरासिटामॉल चालते.

याच दिवसांत हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन तपासतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर कॉन्ट्रास्टचे (चित्रात धमन्या दिसाव्यात म्हणून टोचायचे औषध) प्रमाण आखून ठेवावे लागते आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन थांबवायचे का ते ठरवावे लागते. खोटे दागिने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगावर पुरळ येत असेल तर जरूर सांगावे. या जाळ्यांच्या मिश्रधातूंत निकेल असते.

मोजमाप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या नंतर ऑपरेशन टेबलावर दुरुस्त होत नाहीत. फिरत्या यंत्रावर त्रिमितीय अँजिओग्राफी करून चार गोष्टी मोजायच्या : मानेची लांबी, जाळी टेकणार त्या अलीकडच्या (हृदयाच्या बाजूच्या) जागी धमनीचा व्यास, पलीकडच्या जागी व्यास आणि मधला बाक.

विणलेली जाळी पायजम्याच्या पोकळ नाडीसारखी वागते. ताणली की लांब आणि बारीक, दाबली की आखूड आणि जाड. म्हणून बॉक्सवरची लांबी फक्त त्या ठरलेल्या व्यासालाच खरी. धमनीपेक्षा फार मोठ्या मापाची जाळी घेतली तर ती पूर्ण उघडत नाही, लांबट राहते, तिची छिद्रे मोठी राहतात आणि मान झाकली जाऊनही प्रवाह अडत नाही. लहान घेतली तर भिंत आणि जाळी यांच्यात फट राहते, तिथून रक्त मानेपर्यंत पोचते, शिवाय जाळी सरकू शकते.

एक हिशेब करून पाहू. मान ८ मि.मी., अलीकडचा व्यास ४.२, पलीकडचा ३.६. जाळीचा व्यास मोठ्या बाजूला जुळवायचा, म्हणजे ४.२५. पाइपलाइनची लांबी मानेपेक्षा किमान ६ मि.मी. जास्त असावी लागते, म्हणजे १४ ही खालची मर्यादा. पण अलीकडचे टोक कॅरोटिडच्या वळणावर येत असेल तर ते तिथे न टेकवता आणखी मागे सरळ भागात न्यावे लागते, म्हणून प्रत्यक्षात १६ किंवा १८ घेतात. वळणाच्या ऐन बाकावर टोक ठेवले की ते अर्धवट उघडते, ही ओळखीची कटकट आहे.

लांबी नको तेवढी वाढवणेही बरे नाही. प्रत्येक जादा मिलिमीटर कुठल्या तरी फांदीच्या तोंडावर येतो.

टेबलावर

पूर्ण भूल देतात. रुग्ण जरासा हलला तरी चित्र बिघडते. जांघेतून, हल्ली बऱ्याच ठिकाणी मनगटातून, प्रवेश करून रक्त गोठू न देणारे हेपरिन साधारण ७० ते १०० युनिट प्रति किलो देतात आणि एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, २५० ते ३०० सेकंदांवर ठेवतात. सगळ्या नळ्यांतून हेपरिन मिसळलेले सलाइन सतत दाबाने वाहते असावे. या टप्प्यावर हवेचा एक बुडबुडाही महागात पडतो.

नळीत नळी, त्यात नळी अशी तीन थरांची रचना लागते. लांब शीथ (सर्वांत बाहेरची नळी) गळ्यातल्या कॅरोटिडमध्ये, त्यातून मऊ इंटरमीजिएट कॅथेटर कवटीच्या तळापर्यंत किंवा पुढे, त्यातून ०.०२७ इंची मायक्रोकॅथेटर, म्हणजे सर्वांत बारीक नळी. आधार कमी पडला तर जाळी ढकलताना सगळी रचना मागे येते, म्हणून मधले कॅथेटर जमेल तितके वर न्यावे. मायक्रोकॅथेटर ०.०१४ इंची तारेवरून ॲन्युरिझमच्या पलीकडे, बहुधा मधल्या सेरेब्रल धमनीच्या सरळ भागात नेतात. १० मि.मी.हून मोठ्या पोकळीत थोड्या कॉइलही घालायच्या असतील तर त्यासाठी दुसरे मायक्रोकॅथेटर आधीच पोकळीत ठेवून मग जाळी उघडतात. जाळी बसल्यावर तिच्या छिद्रांतून आत जाता येत नाही.

जाळी उघडण्याचा क्रम असा. मायक्रोकॅथेटर हळूहळू मागे घेऊन पलीकडचे टोक काही मिलिमीटर उघडे करायचे आणि ते कणसासारखे निमुळते न राहता पूर्ण फुलेपर्यंत थांबायचे. फुलले की सगळी रचना एकत्र मागे ओढून टोक ठरलेल्या जागी आणायचे. मग नळी मागे घेणे आणि तार पुढे ढकलणे यांचा समतोल. फक्त मागे ओढत राहिले तर जाळी ताणून बारीक होते. मानेसमोर आल्यावर जरा जास्त ढकलायचे, म्हणजे वीण दाट होते, पण इतकेही नाही की जाळी पोकळीत शिरेल. वळणावर कॅथेटरचे टोक धमनीच्या मध्यावर ठेवले की जाळी आतल्या-बाहेरच्या दोन्ही भिंतींना नीट टेकते.

या सगळ्यात एका सहायकाची नजर फक्त पुढच्या तारेच्या टोकावर असावी. मानेकडे पाहत असताना ते टोक बारीक फांदीत घुसून भोक पाडते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

मध्ये जाळी पिळली गेली तर चित्रात तिचे दोन्ही काठ एका जागी जवळ आलेले दिसतात. तिथे पुढे जाऊ नये. पाइपलाइन फ्लेक्ससारखी जाळी दोनदा परत नळीत घेता येते. सोडून झाल्यावर कुठे चिकटली नसेल तर तार-कॅथेटरने आतून हलकेच घासणे, नंतर मऊ बलून. तरीही उघडली नाही तर काढून टाकणे बरे. अर्धी उघडलेली जाळी आत ठेवणे म्हणजे गुठळीला आमंत्रण. भिंतीला चिकटल्याची खात्री पातळ केलेल्या कॉन्ट्रास्टसह कोनबीम सीटीवर (टेबलावरच यंत्र फिरवून काढलेला सीटी) करतात, साध्या चित्रावर भरवसा ठेवत नाहीत. शेवटी ॲन्युरिझममध्ये कॉन्ट्रास्ट किती वेळ रेंगाळते ते नोंदवतात. त्यासाठी ओकेएम ही श्रेणी वापरतात, तीच पुढच्या तपासणीत तुलनेला लागते.

टेबलावर गुठळी दिसली तर आधी एसीटी आणि रक्तदाब पाहायचा, मग टिरोफिबॅन किंवा एप्टिफिबॅटाइड ही प्लेटलेट रोखणारी इंजेक्शने. धमनी फाटली तर हेपरिन प्रोटामिनने उलटवायचे, १०० युनिटला साधारण १ मि.ग्रॅ., आणि बलूनने प्रवाह अडवायचा. ही औषधे कपाटात नव्हे, टेबलाशेजारी भरून तयार असावीत.

पहिले काही आठवडे

आयसीयूत पहिली रात्र दर तासाला हात-पाय, बोलणे, बाहुल्या तपासतात. जांघेतून केले असेल तर पाय ४ ते ६ तास सरळ. या काळात कमरेत किंवा पोटात खोलवर दुखू लागले आणि रक्तदाब उतरू लागला तर जांघेवर सूज दिसत नसली तरी पोटाच्या मागच्या बाजूला रक्त साठत असल्याचा संशय घ्यायचा.

घरी आल्यावरचे दोन धोके वेगळे ओळखायला हवेत. एक, मोठ्या ॲन्युरिझमचे उशिरा फुटणे. हे प्रमाण सुमारे १ टक्का आहे, बहुतेक पहिल्या महिन्यात घडते आणि परिणाम फार वाईट असतो. पोकळीतल्या ताज्या गुठळीतून सुटणारी एन्झाइम भिंत आणखी कमकुवत करतात, हे त्याचे एक मानले जाणारे कारण. म्हणूनच मोठ्या पोकळीत सोबतीला कॉइल घालतात. दुसरा धोका त्याच बाजूच्या मेंदूत, ॲन्युरिझमपासून दूर रक्तस्राव होण्याचा. तो २ ते ३ टक्क्यांत दिसतो. अचानक आजवर कधी नव्हते असे डोके दुखले, उलटी, शुद्ध हरपणे, एका बाजूची ताकद जाणे, बोबडे बोलणे : वाट न पाहता न्यूरो सुविधा असलेल्या रुग्णालयात जायचे आणि तिथल्या डॉक्टरांना गोळ्यांची नावे पहिल्या वाक्यात सांगायची.

याउलट, गोठत चाललेला मोठा ॲन्युरिझम आठवडा-दोन आठवडे डोकेदुखी आणि डोळ्यामागचे दुखणे वाढवतो. पापणी खाली येणे किंवा दुहेरी दिसणे आधीपेक्षा थोडे बिघडते. गुठळीभोवतीच्या सुजेमुळे हे होते, त्यावर डॉक्टर स्टेरॉइड देतात. नसेवरचा दाब सुटायला महिने लागतात. तेव्हा आठव्या दिवशी डोळा सुधारला नाही म्हणून उपचार फसला असे समजू नये. पण हे ठरवायचे काम तपासणी आणि सीटीचे. घरी अंदाज बांधत बसू नये.

वर्षभर

क्लोपिडोग्रेल किंवा त्याच्या जागी दिलेली गोळी साधारण ३ ते ६ महिने, ॲस्पिरिन किमान वर्षभर, बहुतेकदा आयुष्यभर. दात काढायचा आहे म्हणून दंतवैद्यांनी किंवा मोतीबिंदूसाठी कोणी ‘रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस बंद करा’ म्हटले तर आधी जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन. पहिल्या सहा महिन्यांत टाळता येणारी प्रत्येक शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. गावाला जाताना गोळ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत. जाळीचे कार्ड, त्यावरचा मॉडेल नंबर यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. या जाळ्यांवर १.५ आणि ३ टेस्लाचा एमआरआय अटींसह करता येतो, आणि त्या अटी कार्डवरून कळतात.

सहा महिन्यांनी डीएसए, म्हणजे पुन्हा नळी घालून अँजिओग्राफी. पुढे १२ महिन्यांनी. दरम्यान कॉन्ट्रास्ट देऊन केलेली एमआर अँजिओग्राफी चालते. साध्या सीटी अँजिओग्राफीत धातूची सावली पडून चित्र फसवे येते. डीएसएत जाळीच्या आत थोडी अरुंदी दिसली तर घाबरू नये. अस्तर चढताना ते जाड होते आणि सौम्य अरुंदी बऱ्याचदा पुढच्या तपासणीत कमी झालेली असते.

खर्चाबाबत एकच सांगायचे. जाळी एकटीच काही लाखांची असते आणि क्वचित दुसरी लागते. खासगी विमा असो वा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, उपकरणाची पूर्ण किंमत पॅकेजमध्ये धरली आहे का हे दाखल होण्याआधी लेखी विचारून घ्यावे. ‘प्रोसीजर बसते’ आणि ‘जाळी बसते’ या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

वर्षाअखेर पोकळी उघडीच राहिली तर कारण शोधायचे. पोकळीतून फांदी निघते का, जाळी भिंतीला न चिकटल्याने फट आहे का, माप मोठे झाले होते का. पोकळी आकसत चालली असेल तर दुसरी गोळी थांबवून आणखी सहा महिने थांबणे रास्त ठरते. रक्त अजूनही जोराने आत जात असेल तर पहिल्या जाळीत दुसरी बसवतात, पण फांदीच जबाबदार असेल तर दुसरी जाळीही तेच करणार. मग क्लिपिंग (कवटी उघडून मानेला बाहेरून चिमटा लावणे) किंवा बायपासचा (रक्ताला दुसरी वाट करून देणे) विचार न्यूरोसर्जनसोबत बसून करावा लागतो. दुसरी जाळी बसवली तर दोन गोळ्यांची मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजायची.